मीठ काढा, डाळ ठेवा: साठीनंतरची किडनी आणि कोल्हापुरी ताट

घरात कुणाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायला रक्तात तपासतात तो आकडा, वाढलं की पहिली डाळ बंद होते, मग उसळ, मग मटण. ताटात उरतो भात, पातळ कट आणि तोंडी लावायला पापड. दोन-तीन महिन्यांत आबांचे दंड वाळतात, जिना चढताना पाय लटपटतात. आणि किडनीला खरा त्रास देणारं मीठ? ते जिथल्या तिथंच. हा क्रम उलटा करायचा आहे.

आधी रिपोर्ट नीट वाचा. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, कारण ते स्नायूंतून येतं आणि म्हाताऱ्या, बारीक माणसात स्नायूच कमी असतात. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर बघा, तो किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज देतो. क्रिएटिनिन १.२ असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ८३ निघतो. तोच १.२ आकडा ७५ वर्षांच्या आज्जीचा असेल तर ईजीएफआर ४७ च्या आसपास येतो. ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर तो किडनीचा जुनाट आजार. हे गणित करायचं सूत्र २०२१ मध्ये बदललं, त्यामुळे लॅबने कोणतं सूत्र वापरलंय ते विचारा आणि दर वेळी त्याच सूत्राचे आकडे शेजारी ठेवा. जोडीला सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासा (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन). ते ३० च्या वर असेल तर ईजीएफआर चांगला असूनही किडनीला इजा होत असू शकते. रक्तातल्या पोटॅशियमचा आकडाही त्याच वेळी घ्या, पुढे लागणार आहे.

आता मीठ. तांबड्या रश्शाचा रंग बघून लोक घाबरतात, पण मिरचीच्या तिखटानं किडनी खराब होत नाही. त्याच रश्शातलं मीठ रक्तदाब वाढवतं, आणि रक्तदाब किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. दिवसाला माणशी ५ ग्रॅम ही मर्यादा, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. यात सगळं आलं: भाजी, लोणचं, ब्रेड, फरसाण.

तुमच्या घरात किती मीठ जातं हे कळायला एकच सोपा उपाय आहे. नवी एक किलोची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती किमान ५० दिवस पुरली पाहिजे, दोघांच्याच घरात १००. चौघांत महिन्यात संपली तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर मीठ जातंय, आणि बरणीतलं नि बाहेरचं त्यात धरलेलंच नाही.

कमी करायची पद्धत अशी. चार माणसांसाठी सकाळी तीन सपाट चमचे मीठ एका वाटीत काढा. दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्यातच. उरलेला एक चमचा लोणच्या-पापडातून आणि बाहेरच्या खाण्यातून येणाऱ्या मिठासाठी सोडा. भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ घालायचंच नाही. भाजीत ते शेवटी घाला, जिभेला लवकर लागतं आणि कमी पुरतं. एकदम निम्मं केलंत तर आबा ताटात वरून मीठ घेतील आणि हिशेब बुडेल. दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा. महिन्याभरात जीभ रुळते. तोवर लिंबू, आमसूल, जिरं, ओली कोथिंबीर सढळ वापरा.

कोल्हापुरात एक जागा हमखास नजरेतून सुटते, ती म्हणजे वर्षाची चटणी. कांदा-लसूण मसाल्यात टिकण्यासाठी मीठ कुटलेलंच असतं, आणि भाजीत तिखट पडल्यावर आपण पुन्हा सवयीनं मीठ घालतो. डंकावर जाताना किलोभर मिरचीची चटणी वेगळी, अगदी कमी मिठाची कुटून घ्या. तिच्यातला कांदा-लसूण-खोबरं पूर्ण कोरडं होईपर्यंत भाजा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. मीठ कमी आणि कांदा ओलसर राहिला तर बुरशी धरते. लोणच्याचं गणित घरीच करून बघा: किलोभर कैरीला दीड-दोनशे ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे दहा ग्रॅमच्या फोडीत एक ग्रॅमच्या आसपास. पाण्यातली मिरची, सुकट, भडंग, खारे शेंगदाणे, पापड यांचंही तेच. मिसळीत कट, फरसाण आणि ब्रेड अशा तीन वाटांनी मीठ येतं. घरी मटकी मोकळी शिजवा आणि वर बिनमिठाचे भाजलेले पोहे घाला, पुष्कळ फरक पडतो. पित्तावर घेतलेल्या खाण्याच्या सोड्याच्या अर्ध्या चमच्यातही सहाशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम जातं.

दोन चुका फार होतात. सैंधव चालतं असं समजू नका; तेही मीठच, सोडियम जवळपास तेवढंच. आणि दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी अधू असेल आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून गोळी बंद करायची नाही, मीठ बदलायचं नाही.

डाळ किती? डायलिसिस चालू नसलेल्या जुनाट किडनी आजारात किलो वजनाला दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. ती आपल्याच ताटात बसतात: जोंधळ्याच्या तीन भाकऱ्या १८, वाटीभर आमटी ७, वाटीभर उसळ ७, एक कप दूध ७, एक अंडं ६, वाटीभर भात ३. अंडं न खाणाऱ्यांनी त्या जागी आणखी वाटीभर घट्ट आमटी घ्यावी. मटणाच्या दिवशी उसळ आणि अंडं वगळा, तीन-चार तुकडे खा, आणि रस्सा वाटीभरच. मीठ आणि मटणातून उतरलेलं पोटॅशियम रश्शात असतं, ‘अजून वाढ’ म्हटलं की तेच वाढतं. वजन घटत असेल, हातपाय बारीक झाले असतील तर ०.८ चा हट्ट धरू नका. अशा वृद्धांना जास्त प्रथिनं लागतात. किती, ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून ठरवतील.

भाज्या-फळं तर सरसकट बंद करूच नका. १९९७ साली अमेरिकेत ४५९ जणांवर झालेल्या ‘डॅश’ चाचणीत मीठ तेवढंच ठेवूनही भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाच्या दुधानं रक्तदाब उतरला. आपल्याकडे ते ताट म्हणजे भाकरी, उसळ, पालेभाजी, बिनमिठाचं ताक आणि एक फळ.

पोटॅशियमची पथ्यं फक्त ते वाढलेलं असेल तरच: ५.५ च्या पुढे, किंवा डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा. मग शहाळं, केळं, सुकामेवा थांबवा. बटाटा, पालेभाजी, कडधान्य बारीक चिरून किंवा भिजवून भरपूर पाण्यात उघड्या पातेल्यात उकळा आणि ते पाणी फेका. नुसतं थंड पाण्यात भिजवून फारसं उतरत नाही, आणि कुकरमध्ये पाणी आतच राहतं. कटाची आमटी म्हणजे नेमकं हे फेकायचं पाणी, तेव्हा पुरणपोळीच्या दिवशी तेवढी टाळा. गुळात साखरेपेक्षा पोटॅशियम जास्त, आणि मधुमेहाला दोन्ही सारखेच.

घराघराची रीत वेगळी, त्यामुळे छापील पथ्याचा एकच कागद सगळ्यांना चालत नाही. जैन घरात पर्वाच्या दिवशी हिरवी भाजी नसते, तेव्हा पापड-सांडगे वाढतात. त्याऐवजी मुगाची आमटी घट्ट करा. सूर्यास्तानंतर पाणी नसेल तर दिवसाचं पाणी सकाळपासून वाटून घ्या. रमजानचे रोजे धरायचे असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या, काहींना रोजे न धरण्याचाच सल्ला मिळेल. एकादशीला साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट हे तिन्ही एका ताटात नकोत. वरी आणि ताक बरं.

पुड्यावरची बारीक अक्षरं वाचा. ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर त्यात वरून घातलेलं फॉस्फेट आहे. अधू किडनीला ते झेपत नाही, आणि ते डाळीतल्या फॉस्फरसपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये ३३८ सापडेल. करमळ, म्हणजे कमरख किंवा स्टार फ्रूट, किडनीच्या रुग्णानं चाखूसुद्धा नये; त्यातलं विष मेंदूवर जातं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन आणि मूतखड्यावरची अनोळखी भस्मं, दोन्ही बंद. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांचं विचारा.

रोज सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं आणि पायाला सूज असेल तर शरीरात पाणी साठतंय, थांबू नका, दाखवा. महिन्याभरात दोन किलो उतरलं आणि सूज नव्हतीच, तर ताटातून काय काय गेलं ते बघा आणि आमटीची वाटी परत आणा.