वर्ट उकळताना आटण कशी आवरली

इथे न्यू जर्सीत मागच्या अंगणात प्रोपेन बर्नरवर घरगुती बिअरची १९ लिटरची बॅच करतो. वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, उकळताना रुंद पातेल्यातून तासाभरात ५-६ लिटर उडून जायचे. बिअर ठरल्यापेक्षा कडक आणि बाटल्या कमी. झाकण ठेवणं हा उपाय नव्हेच. पिल्सनर या फिक्या माल्टमधून उकळताना तयार होणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर गेलं नाही, तर उकडलेल्या मक्याचा वास येतो, आणि तो मला अजिबात सहन होत नाही.

मग आच आवरली. सुरुवातीचा फेस बसेपर्यंत मोठी. नंतर इतकीच, की वर्ट मधोमध सतत उलटत राहावा पण थेंब काठाबाहेर उडू नयेत. लाकडी पट्टीवर लिटरच्या खुणा कोरल्या, दर १५ मिनिटांनी पातळी बघतो. आता तासाला साडेतीन लिटर आटतं, तेवढं पाणी आधीच जास्त घेतो. हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा घटला नाही: उकळी टिकली की तापमान तेवढंच राहतं, खळखळाट कमी असला तरी.