चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी वाचताना या चुका टाळा

डोळे तपासून झाल्यावर हाती येणाऱ्या चिठ्ठीवर जेमतेम दहा-बारा आकडे असतात. परंतु त्यांतील एखादे चिन्ह जरी चुकीचे उतरले, तरी तयार होणारा चष्मा डोळ्यांना मानवत नाही.

पहिली गल्लत उणे-अधिकची. ‘एसपीएच’ (स्फिअर, म्हणजे काचेचा मुख्य नंबर) या रकान्यात उणे आकडा असेल तर लांबचे अंधूक दिसते. −२.०० नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. त्यामुळे चष्मा काढून पुस्तक आरामात वाचणाऱ्या, पण बसची पाटी न वाचता येणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर लांबचा नंबर अधिक चिन्हाने लिहिलेला असेल, तर तो तिथल्या तिथे विचारून घ्यावा. नंबर पाव-पावाने वाढतो; म्हणून १.२५ किंवा १.५० दिसेल, १.४० दिसत नाही. ६/६ हा मात्र नंबर नव्हे, ती दृष्टीची नोंद आहे, आणि चष्मा लावूनही ती ६/६ असू शकते.

सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा गोलावा सगळ्या दिशांना सारखा नसल्यामुळे लागणारा नंबर, आणि ॲक्सिस यांची जोडी कधीही तोडू नये. ॲक्सिस म्हणजे त्या नंबरची १ ते १८० अंशांतील दिशा. ती तब्बल ३० अंशांनी चुकली तर सिलिंडर देऊनही जवळजवळ मूळच्याइतकाच दोष शिल्लक राहतो. हाताने लिहिलेले अंशाचे चिन्ह शून्यासारखे दिसून १८ चे १८० होतात, तेव्हा आकडे फोनवर सांगण्याऐवजी चिठ्ठीचे स्वच्छ छायाचित्र पाठवावे. याउलट, दोन चिठ्ठ्या वेगळ्या दिसल्या म्हणून लगेच घाबरण्याचेही कारण नाही. −२.०० / +१.०० × ९० आणि −१.०० / −१.०० × १८० हा एकच नंबर आहे. पहिले दोन आकडे चिन्हांसह मिळवावेत, सिलिंडरचे चिन्ह उलटवावे आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवावा, की ताळा जमतो.

खरा घोटाळा होतो तो चाळिशीच्या ओळीत. आपल्याकडे काही ठिकाणी जवळचा पूर्ण नंबर लिहितात, तर काही ठिकाणी लांबच्या नंबरात किती मिळवायचे तेवढेच ‘ॲड’ म्हणून लिहितात. लांबचा +१.०० आणि जवळचा +३.०० असेल, तर ॲड +२.०० असते, ऑनलाइन मागणी नोंदवताना त्या चौकटीत +३.०० भरले, तर वाचनाच्या भागाचा नंबर +४.०० होऊन बसतो आणि पुस्तक नको तितके जवळ धरावे लागते. लांबचा −३.०० व जवळचा −१.०० असेल तेव्हाही ॲड +२.०० च असते. नंबर ‘उतरला’ असे समजून एकच चष्मा करून घेणे चुकीचे. ॲड बहुधा दोन्ही डोळ्यांना सारखी असते आणि क्वचितच +३.०० च्या पुढे जाते, त्यामुळे याहून मोठा आकडा दिसल्यास तो जवळचा पूर्ण नंबर असण्याची शक्यता अधिक. शिवाय हा नंबर सहसा ४० सेंटिमीटरच्या आसपास धरलेल्या पुस्तकासाठी काढलेला असतो. संगणकाचा पडदा हातभर लांब असेल, तर ते अंतर तपासणीच्या वेळीच सांगावे.

दोन बाहुल्यांमधील अंतर, म्हणजे ‘पीडी’, चिठ्ठीवर पुष्कळदा नसतेच. लहान नंबरात याने फारसे बिघडत नाही; परंतु −६.०० च्या काचेचा मध्य बाहुलीपासून ५ मिलिमीटर सरकला, तर त्या डोळ्यापुढे ३ प्रिझम डायॉप्टरचा (काच प्रकाश एका बाजूला किती वळवते त्याचे माप) परिणाम निर्माण होतो. डोके ठणकण्यास एवढे पुरे आहे.

नव्या चष्म्याने जमीन तिरकी भासत असेल, तर बहुधा सिलिंडर बदललेला असतो, आणि काही दिवसांत डोळे सरावतात. न सरावल्यास दुकानात काचा लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवून चिठ्ठीशी ताडून घ्याव्यात. त्या जुळत असतील तर पीडी आणि फ्रेमची ठेवण पाहावी. लांबचा ते जवळचा नंबर एकाच काचेत हळूहळू बदलणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेत ती काच डोळ्यापुढे किती उंचीवर बसते तेही तपासावे. सगळेच बरोबर निघाले, तर जुना व नवा असे दोन्ही चष्मे घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि मधुमेह असल्यास तपासणीच्या सुमारास साखर किती होती ते आवर्जून सांगावे, कारण साखर वर-खाली होत असताना काढलेला नंबर ती स्थिरावल्यावर बदलू शकतो.