हार्डनेस कमी आला? जॉब पुन्हा भट्टीत टाकण्याआधी या चुका तपासा

जॉबचा हार्डनेस (कडकपणा) रॉकवेल 'सी' स्केलवर (एचआरसी) ६० हवा होता, आला ५५. पहिला संशय भट्टीवर जातो आणि जॉब पुन्हा हार्डनिंगला (तापवून झटकन थंड करून कडक करायला) टाकला जातो. दुसऱ्यांदा तापवलेला जॉब वाकतो, कधी तडकतो, पृष्ठभागाचा कार्बनही आणखी जळतो. दोष मोजणीतच असेल तर हे सगळे नाहक. म्हणून आधी मशीन आणि जॉबची बैठक तपासा, हीट ट्रीटमेंटची चौकशी नंतर.

एचआरसी म्हणजे डायमंडचे टोक (इंडेंटर) जॉबमध्ये किती खोल घुसते त्याचे मोजमाप. आधी १० किलोचा प्राथमिक भार, मग एकूण १५० किलो, मग पुन्हा १०. पहिल्या आणि शेवटच्या १० किलोमध्ये डायमंड किती खाली राहिला ते मशीन सांगते. एक पॉइंट म्हणजे फक्त ०.००२ मिमी. जॉबखालचा भट्टीतल्या पापुद्र्याचा (ऑक्साइड स्केलचा) कण, बर (कडेला राहिलेली धातूची किनार) किंवा अँव्हिलवरच्या (जॉब ठेवायच्या बैठकीवरच्या) जुन्या खड्ड्याची उचललेली कड १५० किलोखाली ०.०१ मिमी जरी दबली, तरी ५ पॉइंट गेले. वर सांगितलेले ५५ इथूनच येऊ शकतात. खालची बाजू आणि अँव्हिल दोन्ही पुसा, बर काढा. अँव्हिल किंवा इंडेंटर बदलल्यावर पहिली दोन रीडिंग सोडून द्या. ती नुसती बैठक घेण्यात जातात. लांब शाफ्ट एका बाजूला लोंबकळत असेल तर त्याला आधार हवाच, हाताने धरून चालत नाही.

प्राथमिक भार लावताना चाक खुणेच्या पुढे गेले तर ते उलटे फिरवून जुळवू नका. तो ठसा सोडा, नवी जागा घ्या. दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या किमान ३ पट आणि कडेपासून २.५ पट अंतर लागते. ३ मिमी ठेवले की एचआरसीला सहसा अडचण येत नाही. कडेला धातू बाजूला सरकतो आणि रीडिंग कमी येते, जुन्या ठशाला चिकटून घेतले तर बहुधा जास्त येते.

गोल जॉबवर आकडा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो, कारण डायमंडच्या बाजूंना धातूचा आधार कमी असतो. २५ मिमीपेक्षा कमी व्यासाला तक्त्यातली दुरुस्ती रीडिंगमध्ये जमा करा. व्यास जितका लहान आणि जॉब जितका मऊ, तितकी ही दुरुस्ती मोठी. व्ही-अँव्हिल ('व्ही' आकाराच्या खाचेची बैठक) वापरा आणि जॉबचा माथा डायमंडच्या बरोबर खाली आणा.

केस हार्डनिंगच्या (फक्त वरचा थर, म्हणजे केस, कडक केलेल्या) जॉबवर सरसकट एचआरसी घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. ६० एचआरसीला ठसा ०.०८ मिमी खोल जातो आणि कडक थर त्याच्या किमान १० पट, म्हणजे ०.८ मिमी लागतो. केस ०.४ मिमी असेल तर खालचा मऊ कोअर (गाभा) दबतो आणि चांगला जॉब नापास होतो. पातळ केसला रॉकवेलचाच १५ किलो भाराचा १५एन स्केल किंवा व्हिकर्स (ठशाचा कर्ण मोजणारी चाचणी, आकडा एचव्हीमध्ये) घ्या. नायट्रायडिंगचा (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून केलेला) थर आणखी पातळ, तिथे कमी भाराचा व्हिकर्सच बरा. रूपांतराच्या तक्त्यात ६० एचआरसी म्हणजे साधारण ६९७ एचव्ही दिसते. तो आकडा अंदाजापुरता ठीक, पण ड्रॉइंगवर जो स्केल आहे त्याच स्केलवर मोजून निकाल द्या.

मशीन तपासायचा टेस्ट ब्लॉक (ठरलेल्या हार्डनेसचा प्रमाणित तुकडा) जॉबच्या हार्डनेसजवळचा घ्या. ३० च्या ब्लॉकवर मशीन बरोबर आले म्हणून ६० लाही बरोबर असेलच असे नाही. डायमंडचे टोक झिजले असेल तर ते कमी घुसते आणि रीडिंग जास्त येते, तेही मुख्यतः कडक ब्लॉकवर. ६० च्या वरचा ब्लॉक सतत जास्त दाखवत असेल आणि २५-३० चा बरोबर असेल, तर भिंगातून टोक पाहा. ब्लॉकची फक्त प्रमाणित बाजू वापरा. उलट्या बाजूवर ठसे मारले की खालची बैठकच बिघडते.

हे सगळे ठीक असूनही आकडा कमीच असेल तर पृष्ठभागावरून ०.२ मिमी काढा, कूलंट लावून, हलक्या पासने. कोरडे जोरात घासले तर तिथेच उष्णतेने टेंपर (कडकपणा) उतरतो आणि नवीच फसगत होते. दर थराला मोजत जा. आकडा चढून स्थिर झाला तर डीकार्ब (पृष्ठभागाचा कार्बन जळणे); तापवतानाच्या वातावरणाकडे पाहा. ग्राइंडिंगचा अलाउन्स (घासायला ठेवलेला जादा धातू) तेवढा असेल तर जॉब वाचतोही.

खोलवर सगळीकडे सारखाच कमी आला तर त्याच बारचा १०-१५ मिमी जाडीचा तुकडा त्याच तापमानाला हार्डन करा. तुकड्यावर हार्डनेस आला तर मोठ्या जॉबला क्वेंच (झटकन थंड करणे) पुरत नाही किंवा सोक (तापमानाला धरून ठेवायचा वेळ) कमी पडतो. तुकडाही मऊ राहिला तर मटेरियलचा ग्रेड तपासा आणि भट्टीचे थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) दुसऱ्या थर्मोकपलशी जुळवा.

ईएन ३१ किंवा डी२ सारख्या जास्त कार्बनच्या स्टीलमध्ये उलटेही घडते. तापमान जास्त झाले की क्वेंचनंतर ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची मऊ रचना) शिल्लक राहतो आणि आकडा घसरतो. अशा वेळी तापमान आणखी वाढवणे म्हणजे दोष वाढवणे. तोच तुकडा क्वेंचनंतर लगेच उणे ७५ अंशांपर्यंत थंड करून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मोजा. हार्डनेस स्पष्ट वाढला तर पुढच्या बॅचला हार्डनिंगचे तापमान खाली आणा.