ऑनलाइन विकायला माल निवडताय? आमच्या झाल्या त्या चुका टाळा

गावातले दोन-तीन पोट्टे ऑनलाइन विकून रायले, मग आपण काहून मागं राहायचं, असं म्हणून मी सुरू केलं आणि पहिल्याच मालात आपटलो. मोबाईल कव्हर. जे कव्हर नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर ढिगानं मिळते ते हिंगणघाटजवळच्या खेड्यातून पार्सलनं कोण मागवणार, आणि तेही माझ्याचकडून, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

वहीतला हिशोब सांगतो. कव्हर 199 ला विकायचो. माल 70, कुरिअर 65, पाकीट 6, जाहिरात 40, उरले 18 रुपये. आता कॅश ऑन डिलिव्हरीचं एक पार्सल परत आलं की जायचं भाडं, यायचं (जरा कमी) भाडं, पाकीट, जाहिरात मिळून 159 पाण्यात, म्हणजे नऊ पार्सलची कमाई एका फोन न उचलणाऱ्या माणसानं खाल्ली. मालाची किंमत आणि विकायची किंमत एवढंच पाहून "डबल सुटते ना भाऊ" म्हणणारे लय भेटतील, त्यांना परत आलेल्या पार्सलचं विचारा.

मग वाटलं, आपल्या मातीतलं विकू. संत्रा! नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय (अमुक माल अमुक भागाचाच असं सरकारी मानांकन) मिळालं, नाव देशभर आहे, आणखी काय पाहिजे. पण याची साल सैल असते, सोलायला मजा येते तीच पार्सलला मार खाते, पुण्याला पोचेपर्यंत खालचा थर दबून ओला. शिवाय आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा एक हंगाम, संपला की पुढच्या मृग बहाराची वाट पाहा, तोवर गिऱ्हाईक विसरते. नाव मोठं आहे म्हणजे माल पार्सलला चालतो असं नाही.

सगळ्यात महागात पडलं ते वजन. आईच्या हातच्या कुरडया, नातेवाईक वा वा करायचे (फुकटात खाणारा वा वा करतेच, त्याला बाजार समजू नका). अर्धा किलो कुरडया फुटू नये म्हणून 30 बाय 25 बाय 20 सेंटीमीटरचं खोकं घेतलं. कुरिअरवाला बहुतेक वेळा लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले 5000 करते, म्हणजे इथं तीन किलो, आणि खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. अर्ध्या किलोच्या मालाला तीन किलोचं भाडं! म्हणून माल ठरवायच्या आधी खोकं ठरवा, मोजा, मगच किमतीकडे या.

आता हळद विकतो, तिथंही आधी हुकलो. अर्धा किलो हळद, वरून पाकीट आणि खोकं, झालं 560 ग्रॅम, आणि भाडं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या स्लॅबनं, म्हणजे एक किलोचं. 400 ग्रॅमचं पाकीट केलं तेव्हा कुठं पैसे दिसायला लागले.

हळदीवरून आठवलं, नावाशी खेळू नका. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये जीआय मिळालं, भिवापूरच्या मिरचीलाही त्याच वर्षी. मंडीतून कुठलीही हळद उचलून पाकिटावर वायगाव छापणं म्हणजे फसवणूक, जीआयचं नाव लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, 14 आकडी नंबर लागतो. आणि मार्केटप्लेसवरून (ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या साइटवरून) दुसऱ्या राज्यात करपात्र माल पाठवायचा तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नंबर घ्यावा लागते. हे माल भरल्यावर कळलं तर माल घरात आणि आपण सीएच्या दारात.

गिऱ्हाईक कोण, हेही आधी ठरवा. "सगळ्यांसाठी" म्हटलं की जाहिरात कोणालाच लागत नाही. माझी हळद सगळ्यात जास्त कोण घेते? पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपलीच विदर्भातली माणसं, त्यांना घरची चव पाहिजे आणि ते सहसा पार्सल परत करत नाहीत. हे मला सहा महिन्यांनी समजलं, खरं तर पहिल्या दहा ऑर्डरचे पत्ते नीट वाचले असते तरी पुरलं असतं.

मागणी पाहायची तर गुगल ट्रेंड्सवर (लोक गुगलवर काय किती शोधतात ते तिथं दिसते) शब्द टाका, मार्केटप्लेसच्या सर्च बॉक्समध्ये दोन अक्षरं टाकून खाली काय येते पाहा, आणि दुसऱ्याच्या मालाचे दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. एक स्टारवाला रागात लिहिते, पाच स्टारवाला कधी भाचा असते, मधले खरं बोलतात. मग क्विंटलभर भरू नका, 20 पाकिटं करा, पैसे आधी घेऊन विका. आधी पैसे द्यायला कोणी तयार नसेल तर तिथंच थांबा.

सध्या वाळवलेल्या अंबाडीच्या फुलांवर डोळा आहे, सरबताला लोक विचारतात. पण फुलं हलकी आणि जागा खाणारी, कुरडयांसारखीच. खोकं मोजायला बसलो तर टेप पोट्टीनं शाळेत नेलेला.