छेद बघितलास का?

कंपन्यांच्या शाश्वततेवरच्या पीएच.डी.चा पहिला मसुदा घेऊन माझ्या गाईड मॅडमकडे गेलो तेव्हा मी चांगलाच तोऱ्यात होतो. एका कंपनीने दर नगामागचं कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवलं, हे माझं आदर्श उदाहरण. मॅडमनी पुढचं पानही उलटलं नाही. "छेद बघितलास का?" एवढंच विचारलं.

छेद म्हणजे भागाकारातला खालचा आकडा, इथे नगांची संख्या. नव्हता बघितला. त्याच काळात कंपनीचं उत्पादन दुप्पट झालं होतं. दर नगाला १०० ऐवजी ७०, पण नग दुप्पट, म्हणजे एकूण १४०. हवेला नगांशी काय देणंघेणं? उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढलं होतं आणि मी त्याच्यावर कौतुकाचं अख्खं प्रकरण लिहून बसलो होतो.

पर्यावरण जपा, नफाही वाढेल, असं तेव्हा सगळीकडे शिकवलं जायचं. मॅडम विचारायच्या, "आणि नफा वाढत नसेल तेव्हा?" वर्गात शांतता. काटकसरीवरही त्यांचा विश्वास नव्हता. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ सालीच कोळशाबद्दल लिहिलं होतं की इंजिनं कमी कोळशात चालू लागली की वापर स्वस्त होतो आणि एकूण कोळसा जास्तच जळतो. 'ट्रिपल बॉटम लाइन', म्हणजे नफ्याबरोबर माणसं आणि पर्यावरण यांचाही हिशेब, ही १९९४ची संज्ञा ब्रिटिश लेखक जॉन एल्किंग्टन यांची. सदोष माल कंपन्या बाजारातून परत मागवतात तशी ती त्यांनी २०१८ मध्ये स्वतःच परत मागवली, कारण तिचं नुसतं हिशेबाचं साधन झालं होतं. त्या दिवशी मॅडम भलत्याच खुशीत होत्या.

या विषयात नवीन असाल तर कंपनीच्या अहवालातले हिरवे फोटो सोडा, थेट शेवटच्या तक्त्यांवर जा. तुलनेसाठी कोणतं वर्ष धरलंय? एकूण आकडा दिलाय की फक्त दर नगाचा? 'स्कोप ३', म्हणजे पुरवठादारांकडचं आणि ग्राहकाच्या वापरातलं उत्सर्जन, धरलंय का? पेट्रोल गाड्यांच्या कंपनीने फक्त कारखान्याचा धूर मोजला, तर गाडी रस्त्यावर वर्षानुवर्षं जो सोडते तो राहिलाच.

मॅडमबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हेही सांगतो. कौतुक नावालाही नाही. मी दोनदा गाईड बदलायच्या विचारात होतो.

शेवटच्या मसुद्यात त्यांनी पेन्सिलीने एकाच वाक्याखाली रेघ मारली होती, 'ही कंपनी शाश्वत आहे.' शेजारी लिहिलं होतं, "कोणासाठी? किती वर्षं?" आठवडाभर झगडलो आणि मग ते वाक्यच काढून टाकलं.