सीएनसीचं सॉफ्टवेअर निवडायच्या आधी बोर्ड बघा

माझ्या सीएनसीला, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कापणाऱ्या मशीनला, १०० मिमीचा चौकोन कापायला सांगितला आणि तिने सव्वाएकतीस मिमीचा कापून दिला. प्लाय वाया गेलाच, वर दोन संध्याकाळी मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसलो. मशीनला हुकूम पाठवणारं कँडल काढून त्याच कामाचं यूजीएस टाकलं, ते काढून परत कँडल. चौकोन तेवढाच.

दोष पडद्यावर नव्हताच. आदल्या दिवशी मी मशीनच्या मोटरी चालवणाऱ्या बोर्डात जीआरबीएलची, म्हणजे त्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती भरली होती. त्यात माझ्या मशीनचे आकडे पुसले गेले आणि मूळचे आले: एका मिमीला २५० स्टेप, म्हणजे मोटरची छोटी पावलं. माझी मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेते, तिची ड्रायव्हर चिप प्रत्येकीचे १६ तुकडे करते, झाल्या ३२००. तेवढ्यात स्क्रू ४ मिमी पुढे जातो. म्हणजे हवे होते ८००. कँडलमध्ये $$ टाइप केलं, बोर्डातल्या आकड्यांची यादी आली, १००, १०१ आणि १०२ क्रमांकाच्या ओळी बदलल्या आणि चौकोन शंभराचा निघाला.

नवखी मंडळी विचारतात, ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ ह्या एका प्रश्नात तीन वेगळी कामं अडकलेली असतात. चित्रावरून जी-कोड, म्हणजे मशीनला कळणाऱ्या हुकमांची यादी, बनवणं हे एक. तो कोड ओळीओळीने मशीनकडे पाठवणं हे दुसरं. कँडल आणि यूजीएस एवढंच करतात. आणि कोड वाचून मोटरला ठोके, म्हणजे एकेक पाऊल टाकायचे विजेचे इशारे, देणं हे तिसरं. निवड करायची ती ह्या तिसऱ्याची, आणि छोट्या ३०१८ (३० बाय १८ सेंमीच्या) मशीनमध्ये बहुतेकदा ती विकणाऱ्याने आधीच केलेली असते: बोर्डावर जीआरबीएल बसलेलं असतं. मग पाठवणारं कुठलंही चालतं. मला यूजीएस आवडतं, ते जावावर चालतं, त्यामुळे लिनक्सवरही चालतं. जुन्या लॅपटॉपवर कँडल हलकं पडतं.

माक-३ ह्या विंडोजवरच्या प्रोग्रामची गोष्ट वेगळी. त्यात ठोके देण्याचं काम खुद्द संगणक करतो, तेही जुन्या प्रिंटर पोर्टातून, आणि त्या पोर्टासाठी ३२ बिटचं विंडोज लागतं. फुकटात ५०० ओळींपर्यंतच कोड चालतो. नक्षीकामाची फाइल तेवढ्यात सुरूही होत नाही. कुणी माक-३वाली जुनी मशीन स्वस्तात देत असेल तर सोबत संगणकही मागून घ्या. लिनक्ससीएनसी फुकट आहे आणि भारी आहे, पण संगणक ठोक्यांना किती उशीर लावतो ते आधी तपासावं लागतं. जुनी मिलिंग मशीन जिवंत करायची असेल तर जरूर त्या वाटेने जा. पहिली नेमप्लेट कोरायला नको.

जीआरबीएलची एक खोड मात्र आधीच सांगतो. त्याला जी ८१ सारखी ड्रिलिंगची तयार सायकल कळत नाही आणि टूल बदलायचा एम ६ ही कळत नाही. समोर ‘एरर २०’ येतं आणि माणूस वायरी तपासत बसतो. कोड बनवताना पोस्ट-प्रोसेसर (कोड कुठल्या मशीनच्या बोलीत लिहायचा ते ठरवणारा पर्याय) जीआरबीएलचाच निवडा, निम्मी डोकेदुखी तिथेच जाते.

दुसरी अडचण लॅपटॉपची. बोर्डाच्या पोटात जेमतेम काही ओळी मावतात, बाकीच्या लॅपटॉपकडून येत राहतात. एकदा मी चहा करायला गेलो आणि लॅपटॉप झोपला. ओळी संपल्या, मशीन जागच्या जागी थांबली, पण कापणारं बिट फिरवणारं स्पिंडल फिरतच होतं. बिट एकाच जागी घासत राहिलं. घरभर जळक्या एमडीएफचा वास, आणि आतून आईची हाक, ‘दूध लागलं का रे?’

आता कापायला लावायच्या आधी लॅपटॉपची झोप बंद करतो, चार्जर जोडतो. चहा तिथेच मागवतो.