आपण कागदावर आहोत हे ठाऊक असलेली नायिका: आठ पानांचं कॉमिक कसं करावं

अशी नायिका काढायला घेतली की पहिला मोह होतो तो तिला सगळं काही करू देण्याचा. चौकट फाडली, चित्रकाराचा खोडरबर पळवला, खलनायकाला पुसून टाकलं. मग तिसऱ्या पानावर वाचकाची काळजीच संपते. म्हणून कागदाला हात लावण्याआधी तिला काय दिसतं, ती काय करू शकते आणि प्रत्येक वेळी त्याची काय किंमत मोजते, हे वहीत लिहून काढा.

पुढे जो नमुना धरला आहे त्यात नायिकेचं नाव रेखा. घरात हाक मारायला साधं आणि कागदावर नेमकं, कारण ती रेघांचीच बनलेली आहे. गाव चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं, केळीच्या बागांचं. खलनायक करपा, म्हणजे केळीवरच्या रोगाचंच नाव. या रोगाचे लांबट ठिपके आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतात. चित्रात ते दुसऱ्या पानावर केळीच्या एकाच पानावर दाखवा आणि सहाव्या पानापर्यंत चौकटींच्या रेघांवर चढवा. करपा कॉमिकच खाऊ लागला आहे हे कुणी बोलून दाखवायची गरज उरत नाही.

किंमत अशी ठरवा. पहिलं पान मुखपृष्ठ, आठवं मलपृष्ठ. मधल्या सहा पानांवर पाच-पाच, म्हणजे तीस चौकटी. रेखा चौकटीबाहेर आली की ती चौकट तिच्याविना वाया जाते. मागे फक्त केळीचे खांब आणि ती उभी होती त्या जागेकडे बघणारी माणसं राहतात. पाचापेक्षा जास्त चौकटी तिला वाया घालवू देऊ नका. तिलाही हा हिशेब माहीत आहे, त्यामुळे बाहेर पडायच्या आधी तिच्या चेहऱ्यावर तो दिसला पाहिजे.

वाचकाशी थेट बोलणं तीस चौकटींत तीन-चारदाच ठेवा. मार्व्हलची शी-हल्क १९८० मध्ये आली, पण १९८९ मध्ये जॉन बर्नने सुरू केलेल्या मालिकेत ती पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरूनच वाचकाला दम देते: माझा अंक घेतला नाहीस तर घरी येऊन तुझे एक्स-मेनचे अंक फाडीन. ते शोभतं, कारण शी-हल्कच्या रूपात तिचा स्वभावच तसा धीट आहे. तुमची नायिका मुळात अबोल असेल तर तिची टकळी सुरू करू नका. आपल्याकडच्या वाचकाला या प्रकाराची ओळखही करून द्यावी लागत नाही. नाटकातला सूत्रधार नटीशी त्याच नाटकाबद्दल बोलतो, तमाशातला सोंगाड्या कथा सोडून समोरच्यांशी बोलतो, आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

बोलीचं मात्र आधी पक्कं करा. चोपडा, अमळनेर, धुळे, साक्रीकडे अहिराणी चालेल. रावेर-यावलकडे लेवा गणबोली आहे. दोन्हींची सरमिसळ केली तर खान्देशातला वाचक संवादाच्या पहिल्याच फुग्यात पकडतो. रेखा गावात अहिराणी बोलते आणि चित्रकाराशीही तीच: "माले माहीत शे, तू माले काढी राह्यना." वाचकाशी बोलताना ती प्रमाण मराठीवर येते आणि "तुम्ही" म्हणते. कोपऱ्यातल्या निवेदनाच्या चौकोनात प्रमाण मराठी असते, तिच्यावर ती वैतागते: "हाऊ कोन बोली राह्यना?" एवढ्यावरून ती कुणाशी बोलते हे कळतं. तरी वाचकाला उद्देशलेल्या फुग्याची कड तुटक रेघेची ठेवा, म्हणजे तो फुगा चौकटीतल्या इतरांना ऐकू येत नाही हेही समजतं. संवाद घरातल्या मोठ्या बाईला मोठ्याने वाचायला द्या. ती जिथे अडखळेल तिथे बदला.

आता अक्षरं. देवनागरीतली नायिका जे करू शकते ते रोमन लिपीतलीला जमणार नाही, म्हणून इथे वेळ द्या. रेखा शिरोरेघेला लोंबकळू शकते. करप्याच्या फुग्यात "वार" लिहिलं असेल तर ती त्यातला काना उपटते. "वर" उरतं, घाव डोक्यावरून निघून जातो आणि तिच्या हातात काठी येते. करपा "जंग!" ओरडला की अनुस्वार खड्यासारखा उचलून भिरकावते आणि फुग्यात "जग!" राहतं. काढून घेतलेलं चिन्ह पुढे त्या फुग्यात परत येता कामा नये, आणि उपटलेला काना तिच्या हातात पुढच्या चौकटींतही दिसला पाहिजे. असे शब्द आधी यादी करून ठेवा. चिन्ह काढल्यावर उरलेल्या अक्षरांना अर्थ असलाच पाहिजे, नाहीतर ती नुसती मोडतोड होते.

अक्षरांसाठी पेन्सिलीने चार रेघा आखा: वेलांटी-मात्रेची, शिरोरेघेची, अक्षराच्या तळाची आणि उकाराची. ए-४ कागदावर चित्र काढून ते ७१ टक्क्यांवर छोटं केलं की ए-५ पान मिळतं. म्हणून मूळ कागदावर शिरोरेघेपासून तळापर्यंत ५ मिमी ठेवा, छापल्यावर साडेतीन उरतात. दोन ओळी फार जवळ आल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फुगा आधी काढून मग त्यात अक्षरं कोंबू नका. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. चौकटींमधली पांढरी पट्टी साधारण ५ मिमी ठेवा, पण रेखा ज्या पट्टीतून चालणार आहे ती १५ मिमीची करा. कडेला १० मिमी मोकळे सोडा, कारण झेरॉक्स मशीन कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही.

पानांची मांडणी चुकली की सगळी मेहनत वाया जाते. आठ पानांना दोन ए-४ कागद लागतात, दोन्ही बाजूंनी छापलेले. पहिल्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे ८ आणि उजवीकडे १, दुसऱ्या बाजूला २ आणि ७. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. म्हणजे समोरासमोरच्या पानांपैकी फक्त ४-५ एकाच कागदावर सलग येतात. रेखाला एका पानावरून दुसऱ्या पानावर उडी मारायची असेल तर ती इथेच मारू द्या. २-३ वर मारली तर दोन कागद दोन मिलिमीटरने जरी सरकले तरी तिचं कोपर तुटतं. चौथं पान उलटल्यावरच दिसतं, म्हणून प्रश्न तिसऱ्याच्या तळाला टाका आणि उत्तर चौथ्याच्या माथ्यावर द्या.

आता भोक. हा या कॉमिकचा जीव आहे. छापलेल्या पाचव्या पानावर, शिवणीपासून म्हणजे मधल्या घडीपासून ७ सेंमी आणि वरच्या कडेपासून ८ सेंमीवर मध्य धरून अडीच सेंमी व्यासाचं भोक कटरने कापा. त्यातून सातवं पान दिसतं. पान उलटलं की तेच भोक सहाव्या पानावर येतं आणि त्यातून चौथं पान दिसतं. मोजमाप शिवणीपासूनच घ्या, बाहेरची कड कापताना कमी-जास्त होते.

रेखा पाचव्यावरून डोकावते आणि तिला सातव्यावरचं केळीचं करपलेलं पान दिसतं. बाग गेली, असं तिला वाटतं. वाचकालाही वाटतं, कारण त्यालाही तेवढंच दिसतं. सातव्यावर पोहोचल्यावर पूर्ण चित्र उघडतं: गावकऱ्यांनी रोगट पानं कापून बागेबाहेर ढीग केला आहे, तो पेटवला आहे, आणि भोकातून दिसलेलं पान त्या ढिगातलं होतं. करप्यावर खरोखरच रोगट पानं कापून जाळतात, त्यामुळे शेवट बागेतलाच वाटतो, वरून आणलेला वाटत नाही. भोकातून जे दिसलं ते खोटं ठरू देऊ नका. फक्त अपुरं ठेवा. चौथ्या पानावर त्याच जागी रेखाचा चेहरा काढा, म्हणजे सहाव्या पानावरच्या रेखाकडे मागची रेखा बघत राहते.

कागद ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) असेल तर पाठीमागची काळी शाई आरपार दिसते आणि पुढचं गुपित आधीच फुटतं. १०० जीएसएम घ्या. एक छापील प्रत उजेडाकडे धरून बघा, मग बाकीच्या काढा.

साधा स्टेपलर शिवणीपर्यंत पोहोचत नाही. त्याऐवजी घडीवर १०५ मिमीवर मधलं भोक पाडा, वर ४५ आणि खाली १६५ वर आणखी दोन. गोधडीच्या दोऱ्याने आतून सुरुवात करा: मधल्यातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि मधल्या लांब टाक्यावरून गाठ. ही गाठ ४-५ पानांच्या मधोमध दिसते. उडी मारताना रेखाची मूठ नेमकी तिथे येईल असं काढा, म्हणजे तिच्या हातात खराखुरा दोरा राहील.